ठोकणारा पळाला, तरी भरपाई आहे

मार्च-एप्रिल उजाडला, की देवरी तालुक्यातली माणसे पहाटेच्या अंधारातच घराबाहेर पडतात. मोहफुले ऊन चढायच्या आत, गुरांच्या तोंडी लागण्याआधी वेचावी लागतात. मे महिन्यात तेंदूपान, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आसपास धानकापणी. वर्षभर या भागात पायी आणि सायकलने जाणारी माणसे रस्त्यावर असतात आणि त्यातली बरीच उजेड नसताना जातात. देवरीहून चिचगडला जाणारा रस्ता जंगलातून जातो. त्याला पदपथ नाही, दिवे नाहीत. खुद्द देवरीतून मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग छत्तीसगडकडे निघतो आणि त्यावर रात्रंदिवस अवजड वाहने धावतात.

अशा भागातल्या अपघाताची बातमी बहुधा दोन ओळींची असते. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत एक ठार, चालक वाहनासह पसार.' बातमी इथे संपते. घरच्यांचे प्रश्न मात्र तिथून सुरू होतात. दवाखान्याचा खर्च कुणी करायचा? कमावता माणूस गेला, आता पुढे काय? गावात यावर एकच उत्तर ऐकू येते, "गाडीच सापडली नाही, तर पैसे कोण देणार?"

हे उत्तर चुकीचे आहे. गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते आणि तसा कायदा आहे. वाहन न सापडलेल्या अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास जखमीला ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. हे पैसे मिळणार की नाही, हे मात्र अनेकदा दवाखान्यातल्या केसपेपरवर पहिल्या तासात काय लिहिले जाते, यावर ठरते. म्हणूनच हा विषय जितका वकिलाचा, तितकाच डॉक्टरचाही आहे.

पाच हजारांपासून दोन लाखांपर्यंत

'हिट अँड रन' याचा कायद्यातला अर्थ नेमका आहे. वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटत नाही, त्या वाहनामुळे झालेला अपघात. चालक पळाला, पण कुणी गाडीचा नंबर टिपला आणि गाडी सापडली, तर तो या व्याख्येत बसत नाही. तिथे नुकसानभरपाईचा नेहमीचा, आणि बराच मोठ्या रकमेचा, मार्ग खुला होतो. त्याकडे पुढे येऊ.

अशा अनाम वाहनाच्या बळींसाठी मोटार वाहन कायद्यात १९८२ साली पहिल्यांदा तरतूद झाली. तेव्हा मृत्यूसाठी ५ हजार आणि गंभीर दुखापतीसाठी १ हजार रुपये होते. १९८८ च्या नव्या कायद्यात ते अनुक्रमे साडेआठ हजार आणि २ हजार झाले. १९९४ मध्ये २५ हजार आणि साडेबारा हजार झाले. त्यानंतर तब्बल २८ वर्षे या आकड्यांना कुणी हात लावला नाही. २०१९ ची कायदादुरुस्ती आणि त्यावर आधारलेली २०२२ ची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, तेव्हा आजचे २ लाख आणि ५० हजार रुपये आले.

हा पैसा सरकारी दान नाही. प्रत्येक वाहनमालक जो सक्तीचा थर्ड पार्टी विमा भरतो, त्यातला लहानसा हिस्सा विमा कंपन्यांमार्फत या निधीत जमा होतो. म्हणजे तुमच्या दारातल्या मोटारसायकलच्या हप्त्यातूनही कुठल्या तरी अनोळखी कुटुंबासाठी काही पैसे बाजूला पडलेले असतात. पळून गेलेल्या एका चालकाची जबाबदारी रस्त्यावरच्या सगळ्या वाहनांनी मिळून उचलायची, अशी ही कल्पना आहे.

पैसा आहे, मागणारे नाहीत

कल्पना चांगली, पण तिचा उपयोग किती होतो? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ६७,३८७ हिट अँड रन अपघात झाले आणि त्यात ३०,४८६ माणसे गेली. देशातल्या रस्ते अपघातांतल्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास दर सहावा-पाचवा मृत्यू असा होता. उलट बाजूला, सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे पाच वर्षांत मिळून मृत्यूची ६६० आणि दुखापतीची ११३ प्रकरणे मंजूर झाली आणि १ कोटी ८४ लाख ६० हजार रुपये वाटले गेले. एका वर्षात तीस हजारांवर मृत्यू आणि पाच वर्षांत सातशे-आठशे प्रकरणांना भरपाई. हे प्रमाण पाहिले, की योजना कागदावर आहे आणि माणसे रस्त्यावर, हे कळते.

हा विरोधाभास सर्वोच्च न्यायालयापुढे ज्या प्रकरणात आला, ते प्रकरण मुळात एका डॉक्टरचे आहे. कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते अपघातांतली जीवितहानी थांबावी, यासाठी २०१२ मध्ये जनहित याचिका दाखल केली होती. मोडलेली हाडे जोडता जोडता, ती मोडूच नयेत म्हणून काय करता येईल, या प्रश्नापर्यंत ते पोहोचले. त्याच याचिकेत १२ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती पंकज मिथल यांच्या खंडपीठाने हिट अँड रन भरपाईबद्दल आदेश दिला.

त्या आदेशाने अर्ज करण्याचा भार फक्त पीडितांवर ठेवला नाही. गुन्हा नोंदवल्यापासून महिन्याभरात वाहनाचा शोध लागला नाही, तर ठाणेदाराने जखमीला किंवा मृताच्या वारसांना लेखी कळवायचे, की तुम्हाला या योजनेत भरपाई मागता येते. अर्ज कुणाकडे करायचा, त्या अधिकाऱ्याचा पत्ता, फोन आणि ई-मेलही द्यायचा. पोलिसांनी अपघाताचा अहवाल, जखमींची किंवा वारसांची नावे महसूल अधिकाऱ्याकडे पाठवायची. त्यानंतर महिन्याभरात कुणी अर्ज केलाच नाही, तर त्या अधिकाऱ्याने ही माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यायची आणि प्राधिकरणाने त्या कुटुंबाला अर्ज करायला मदत करायची. यावर लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमायची आणि तिने दर दोन महिन्यांनी किमान एकदा बसायचे. भरपाईची रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवता येईल का, याचाही विचार करण्यास न्यायालयाने केंद्राला सांगितले.

म्हणजे आज पोलिसांकडून असे पत्र येणे हा तुमचा हक्क आहे. महिना उलटला आणि पत्र आले नाही, तर ठाण्यात जाऊन विचारायला संकोच करू नये.

अर्ज कुठे, कुणाकडे

प्रक्रिया तशी सोपी आहे. अपघात ज्या तालुक्यात झाला, तिथला उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार हा या योजनेचा दावा चौकशी अधिकारी असतो. चिचगड परिसरातल्या अपघातासाठी देवरीचे महसूल कार्यालय गाठावे लागते. गाव कुठलेही असो, अपघाताची जागा महत्त्वाची. चिचगडचा माणूस साकोलीजवळ अपघातात सापडला, तर अर्ज भंडारा जिल्ह्यात जाईल.

अर्जासोबत बँक पासबुकाची प्रत, जखमीचे किंवा मृताचे आणि अर्जदाराचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, एफआयआरची प्रत, मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन अहवाल किंवा मृत्यू प्रमाणपत्र, दुखापत असल्यास डॉक्टरचा दुखापत अहवाल लागतो. पुढे दुसऱ्या मार्गाने भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करीन, असे हमीपत्रही द्यावे लागते. चौकशी अधिकाऱ्याने महिन्याभरात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची आणि त्यानंतर पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून थेट बँक खात्यात पैसे जमा व्हायचे, अशी कालमर्यादा योजनेत आहे.

यासाठी वकील लागत नाही, एजंट तर मुळीच नाही. कागद समजत नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत घ्यावी. अनुसूचित जमाती आणि अनुसूचित जातीच्या व्यक्ती, महिला आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. देवरी तालुक्यात आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने असल्याने हे विशेष लक्षात ठेवावे. १५१०० हा त्यांचा देशभराचा मदत क्रमांक आहे.

'पडला' आणि 'ठोकला'

आता केसपेपरकडे वळू. जखमीला दवाखान्यात आणल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "काय झाले?" घाबरलेले नातेवाईक सांगतात, "गाडीवरून पडला." कधी खरेच काय झाले ते कुणी पाहिलेले नसते. कधी पोलिसांची भानगड नको म्हणून तसे सांगितले जाते. कधी जखमीकडे लायसन नसते, कधी तो थोडी घेऊन आलेला असतो आणि घरच्यांना वाटते, त्यालाच अडकवतील. डॉक्टर जे सांगितले तेच लिहितात. 'दुचाकीवरून पडल्याचा इतिहास.' महिन्याभराने तहसील कार्यालयात हाच कागद समोर येतो आणि विचारले जाते, हा तर स्वतःच पडला होता, मग धडक कुठली?

म्हणून सांगताना खरे आणि पूर्ण सांगावे. मागून गाडीने धडक दिली आणि ती थांबली नाही, असे असेल तर तसेच सांगावे. कुणी पाहिले नसेल, तर 'रस्त्याच्या कडेला बेशुद्ध सापडला, कसे झाले ते कुणी पाहिले नाही' असे सांगावे. अंदाजाने 'पडला' म्हणू नये. जागा, वेळ, कुणी आणले, हेही नोंदवून घ्यावे. रस्ते अपघाताची केस ही वैद्यकीय-कायदेशीर केस, म्हणजे एमएलसी असते. तिची नोंद रुग्णालयाकडून पोलिसांना जाते. खासगी दवाखान्यात आधी नेले असेल, तर तिथेही ही नोंद झाली का, ते विचारावे.

जखमीने दारू घेतली होती, हेल्मेट नव्हते, लायसन नव्हते, या भीतीने खरी हकिगत लपवण्याचे कारण नाही. धडक देऊन पळणाऱ्या अज्ञात वाहनाच्या भरपाईसाठी जखमीची चूक किती होती, याचा हिशेब केला जात नाही.

दुसरा मुद्दा दुखापत 'गंभीर' कशाला म्हणायचे, हा. रोजच्या बोलण्यात गंभीर म्हणजे मरणाच्या दारात. कायद्यात गंभीर दुखापतीची यादी ठरलेली आहे आणि ती पुष्कळ व्यापक आहे. एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, एखादा अवयव किंवा सांधा गमावणे किंवा कायमचा निकामी होणे, डोके वा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे वा निखळणे, जिवाला धोका निर्माण करणारी दुखापत, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होणे वा रोजची कामे करता न येणे, हे सगळे त्यात येते. हा शेवटचा निकष जुन्या दंडसंहितेत वीस दिवसांचा होता, भारतीय न्याय संहितेत तो पंधरा दिवसांवर आला.

याचा अर्थ असा, की मनगटाच्या हाडाला गेलेली बारीक भेगसुद्धा कायद्याने गंभीर दुखापत ठरते. पण ती एक्स-रेमध्ये दिसली पाहिजे आणि कागदावर आली पाहिजे. 'मुका मार आहे, मालिश करा' म्हणून घरी नेलेल्या आणि नंतर हाडवैद्याकडे बांधलेल्या हाताचा पुरावा कुठेच राहत नाही. अपघातानंतर सूज उतरत नसेल, हात-पाय टेकवत नसेल, तर एक्स-रे काढून घ्यावा. उपचारासाठी तो हवाच, हक्कासाठीही हवा. पंधरा दिवस काम बंद राहिले असेल, तर तपासणीला पुन्हा जाऊन तशी नोंद करून घ्यावी. एकदाच दवाखान्यात जाऊन आलेल्या माणसाचे पंधरा दिवस कुणी मोजत नाही.

तिसरा मुद्दा अवघड आहे. अपघाती मृत्यूनंतर शवविच्छेदन नको, असा आग्रह अनेक घरांतून होतो. देहाची विटंबना नको, गावाला लवकर न्यायचे आहे, अशी भावना असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण मृत्यूचे कारण अपघातातली इजा हेच होते, हे सांगणारा सगळ्यात भक्कम कागद म्हणजे शवविच्छेदन अहवाल. अपघातानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी घरी मृत्यू झाला, तर हे आणखी महत्त्वाचे ठरते. डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेला माणूस न्यूमोनियाने किंवा अंथरुणाच्या जखमा चिघळून जातो, तेव्हा मूळ कारण तो अपघातच असतो. अशा वेळी पोलिसांना न कळवता अंत्यसंस्कार उरकले, तर अपघात आणि मृत्यू यांना जोडणारा धागा तुटतो.

कपडे फेकू नका

अज्ञात वाहन कायम अज्ञात राहावे, असे काही नाही. धडक बसताना वाहनाचा काही अंश माणसाच्या अंगावर राहतो. कपड्यांवर रंगाचे कण, दिव्याच्या काचेचे तुकडे, ग्रीसचे डाग, टायरच्या नक्षीचा ठसा. पायी चालणाऱ्याला मोटारीचा बंपर लागतो, तेव्हा पायाच्या हाडांवर ठरावीक उंचीवर इजा होते. टाचेपासून ती किती उंचीवर आहे, हे मोजले तर धडक देणारे वाहन लहान होते की मोठे, याचा अंदाज येतो. न्यायवैद्यकशास्त्रात हे नेहमीचे आहे.

अडचण अशी होते, की रक्ताने माखलेले कपडे आधी कापून कोपऱ्यात फेकले जातात किंवा नातेवाईक ते धुऊन टाकतात. तसे करू नये. कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत आणि पोलिसांच्या ताब्यात द्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले कपडे कुजतात. रस्त्यावर पडलेले काचेचे, दिव्याचे, आरशाचे तुकडे तुडवू नयेत, मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. महामार्गावरचे पेट्रोल पंप, ढाबे, टोलनाका, तपासणी नाका यांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते. ते लगेच घ्या, असे पोलिसांना लेखी सांगावे.

यासाठी एवढी खटपट का, हे एका हिशेबाने कळेल. समजा, तीस वर्षांचा मजूर, महिन्याला ९ हजार कमावणारा, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वाहन सापडले आणि दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेला, तर सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेल्या सूत्राने भरपाई काढली जाते. वर्षाचे १ लाख ८ हजार, त्यात पुढच्या वाढीचे ४० टक्के, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा आणि वयानुसार १७ ने गुणाकार. उत्तर येते १९ लाख २७ हजार ८०० रुपये. त्यात इतर काही रकमा मिळवल्या जातात. वाहन सापडले नाही, तर त्याच कुटुंबाला २ लाख. काचेच्या एका तुकड्याने हा फरक पडू शकतो.

वाहन सापडल्यास न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करण्याची तरतूद आहे, हेही लक्षात ठेवावे. आधी हिट अँड रनची रक्कम घेतली म्हणून हा मार्ग बंद होत नाही. मिळालेल्या मोठ्या रकमेतून ती वळती होते, इतकेच.

आधी जीव

भरपाईच्या या सगळ्या गोष्टी जीव वाचल्यानंतरच्या. अपघातानंतरचा पहिला तास सगळ्यात मोलाचा. कायद्यातही त्याला 'सुवर्ण तास' अशी जागा दिली आहे. जोरात वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरावी, वारंवार उचलून बघू नये. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. मानेला वा पाठीला मार असेल, तर त्याला हात-पाय धरून उचलून मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. चार-पाच जणांनी डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर किंवा खाटेवर घ्यावे. १०८ ला फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही क्रमांक आहे.

डोक्याला मार लागलेल्याच्या बाबतीत एक सापळा असतो. माणूस थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, बोलतो, चहा मागतो. सगळे म्हणतात, वाचला. कवटीच्या आत मात्र रक्तस्राव चालू असू शकतो आणि काही तासांनी तो पुन्हा गुंगीत जातो. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणे, एक बाहुली मोठी दिसणे ही धोक्याची लक्षणे आहेत. चिचगडच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथमोपचार आणि प्रकृती स्थिर करणे होईल, पण सीटी स्कॅन आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूर गाठावे लागते. म्हणून ही लक्षणे दिसेपर्यंत घरी थांबण्यात अर्थ नाही.

जखमीला आणणाऱ्याला पोलीस त्रास देतील, ही भीती आता ठेवू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. डॉक्टरांनाही आधी कागद आणा, आधी पोलीस येऊ द्या, असे म्हणता येत नाही. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की जीव वाचवणे आधी, सोपस्कार नंतर.

उपचारांच्या खर्चासाठी केंद्राची रोकडरहित उपचार योजना मे २०२५ पासून लागू झाली आहे. कुठल्याही रस्त्यावरच्या मोटार अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. धडक देणारे वाहन अज्ञात असले तरीही. यादीत नसलेल्या रुग्णालयात फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरता लाभ मिळतो, म्हणून पुढे पाठवताना कुठले रुग्णालय योजनेत आहे, ते विचारावे. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही रस्ते अपघातग्रस्तांसाठी २०२३ च्या निर्णयानुसार प्रति रुग्ण प्रति अपघात १ लाख रुपयांपर्यंत उपचारांची सोय आहे. उपचारांवर खर्च झालेला हा पैसा आणि २ लाख किंवा ५० हजारांची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखाना फुकट झाला म्हणून भरपाईचा अर्ज करायचा नाही, असा समज करून घेऊ नये.

घरातल्या पत्र्याच्या पेटीतही पाहा

हिट अँड रनची योजना हा एक आधार. इतरही काही घरातच असतात आणि दुःखाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाहीत. मृत व्यक्ती स्वतःच्या दुचाकीवर असेल, तिचे लायसन आणि गाडीचा विमा चालू असेल, तर त्या पॉलिसीतले मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण पाहावे. ते १५ लाखांचे असते. समोरचे वाहन सापडले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. फक्त थर्ड पार्टीचा हप्ता भरताना हा भाग घेतला होता का, ते पॉलिसीवर वाचावे.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यूला २ लाख. दाव्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत बँकेत देणे चांगले. शेतकरी कुटुंब असेल, तर राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. शेतकऱ्याच्या किंवा घरातल्या एका सदस्याच्या अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत करायचा असतो. तेराव्याच्या कार्यात पहिले पंधरा दिवस जातात, म्हणून घरातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे हे काम पहिल्याच आठवड्यात सोपवावे.

अजून काय हवे

२ लाख रुपये ही मोठी रक्कम नाही. कमावता माणूस गेलेल्या घराची ती दोन-तीन वर्षे निघतील, फार तर. ५० हजारांत तर मांडीचे हाड मोडलेल्या मजुराची बुडालेली मजुरीही धड भरून निघत नाही. पाय गमावलेल्याला आणि मनगटाला भेग गेलेल्याला एकच रक्कम, हेही न्याय्य वाटत नाही. १९९४ नंतर जे झाले, ते पुन्हा होऊ द्यायचे नसेल, तर हे आकडे महागाईशी जोडायला हवेत.

पळून जाणाऱ्या चालकाचाही विचार करावा लागेल. अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या भीतीने थांबणे शक्य नसेल, तर ती अडचण कायदा मान्य करतो. मग जवळचे पोलीस ठाणे गाठून किंवा ११२ वर फोन करून कळवणे त्याच्या हातात असते. न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेत आली, जानेवारी २०२४ मध्ये त्यावर ट्रकचालकांनी देशभर चाके थांबवली आणि जुलैमध्ये संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले. शिक्षा किती असावी, यावर वाद होऊ शकतो. जखमीला रस्त्यावर सोडून जाऊ नये, यावर नाही. जमावाने चालकाला मारहाण करायची नाही, हा त्याचाच दुसरा भाग आहे. मार खाण्याची भीती कमी झाली, तर थांबणारे चालक वाढतील आणि काही जीव तेवढ्यानेच वाचतील.

रुग्णालयांकडूनही एक छोटी गोष्ट होऊ शकते. अपघात विभागाच्या भिंतीवर साध्या मराठीत, आणि या भागात गोंडीतही, एक फलक हवा. 'वाहन पळून गेले असले तरी भरपाई मिळते. अर्ज तहसील कार्यालयात.' जखमीला घरी सोडताना दुखापत अहवाल कुठून मिळेल, हे सांगायला परिचारिकेला अर्धा मिनिट पुरतो.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

• डॉक्टरांना हकिगत खरी सांगा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' सांगा, 'पडला' सांगू नका.
• एमएलसी नोंद झाली का, विचारा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घ्या.
• कपडे धुऊ वा फेकू नका. वाळवून कागदी पिशवीत पोलिसांना द्या.
• एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा.
• मृत्यू झाल्यास, मग तो काही आठवड्यांनी घरी झाला तरी, पोलिसांना कळवा आणि शवविच्छेदन करून घ्या.
• महिन्याभरात वाहन सापडले नाही, तर ठाणेदाराचे पत्र मागा आणि ज्या तालुक्यात अपघात झाला तिथल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.
• अडले तर १५१०० वर फोन करा.

या यादीतले एकही काम पैसे लागणारे नाही. पण त्यातले एखादे राहिले, तर कायद्याने दिलेले २ लाख रुपये निधीत तसेच पडून राहतात आणि घर मात्र कर्जाने चालते.